मुका मार आणि दगडासारखी कठीण होणारी रक्ताची गाठ

शरीरास जोराचा मार लागला, परंतु कातडी फाटली नाही व रक्त बाहेर आले नाही, तर त्यास आपण मुका मार म्हणतो. हा शब्द मोठा समर्पक आहे. वाहती जखम स्वतःच बोलते. तिच्याकडे घरच्यांचे लक्ष जाते, ती धुतली जाते, तिच्यावर पट्टी बांधली जाते व धनुर्वाताची सुईही टोचून घेतली जाते. मुका मार मात्र बोलत नाही. बैलाने ढुशी दिली, झाडावरून मूल पडले, कबड्डीत मांडीवर गुडघा बसला, मोटारसायकल घसरली, तरी जागचे उठता आले की “काही झाले नाही, नुसता मुका मार आहे” असे म्हणून सर्वजण कामाला लागतात. बहुतेक वेळा हे म्हणणे खरेही ठरते. परंतु काही थोड्या प्रसंगी त्या जागी साकळलेले रक्त विरघळून जात नाही. ते घट्ट होते, त्यात चुन्याचे क्षार साचतात आणि काही महिन्यांनी त्या ठिकाणी दगडासारखी कठीण गाठ हातास लागते. ही गाठ का होते, ती टाळण्यासाठी पहिल्या दोन दिवसांत काय करावे व काय करू नये, आणि कोणती गाठ डॉक्टरांना दाखवल्यावाचून राहू नये, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

या विषयाच्या अभ्यासास इंदूरसारखे दुसरे योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. होळकरांच्या या राजधानीत मराठी कुटुंबे अठराव्या शतकापासून नांदत आली आहेत आणि कुस्ती, मल्लखांब व व्यायामशाळा यांची आवड तेथील लोकजीवनात खोलवर रुजलेली आहे. त्याच शहरात १८७८ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली. मध्य भारतातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा तो आरंभ होय. पुढे १९४८ साली तेथे महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. महाराजा यशवंतराव यांच्या नावाचे त्याचे रुग्णालय आज माळवा व निमाड या दोन्ही प्रदेशांतील रुग्णांचा आधार आहे. धुळे व शिरपूरकडून सेंधव्यामार्गे जाणारा मुंबई-आग्रा रस्ता इंदुरातूनच पुढे जातो, आणि सातपुड्याच्या या बाजूचे मराठी रुग्णही गरज पडल्यास तिकडे वळतात. म्हणजे एकाच गावात एकीकडे तालमीतील वस्तादाचा हात आणि दुसरीकडे शस्त्रक्रियागृह, अशी दोन्ही परंपरांची सोय झालेली आहे. मार लागलेला माणूस यांपैकी कोणाकडे आधी जातो, यावर पुष्कळदा त्याच्या सांध्याचे भवितव्य ठरते.

रक्त साकळते म्हणजे काय होते

मार बसला की कातडीखालील किंवा स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. बाहेर पडलेले रक्त ऊतींच्या फटींत साचते व गोठते. साचलेले रक्त थोडे व कातडीलगत असेल तर केवळ काळानिळा डाग दिसतो. ते अधिक व खोलवर असेल तर सूज येते, जागा ताणल्यासारखी लागते आणि दाबल्यास कळ येते. डागाचा रंग दिवसागणिक बदलतो हे सर्वांनी पाहिलेले असते, परंतु त्याचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिन या द्रव्याचे शरीरातील भक्षकपेशी विघटन करतात. त्यातून प्रथम हिरवट आणि मग पिवळे द्रव्य तयार होते. काविळीत डोळ्यांना पिवळेपणा आणणारे द्रव्य ते हेच. उरलेले लोह शरीर परत वापरते. डाग निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होऊ लागला म्हणजे सफाईचे काम नीट चालू आहे असे समजावे. शाळेत शरीरविज्ञान शिकवताना याहून सोपे व स्वस्त प्रात्यक्षिक मिळणार नाही. वर्गातील एखाद्या तरी मुलाच्या नडगीवर ते तयारच असते!

लहान गाठ अशा रीतीने दोन-तीन आठवड्यांत नाहीशी होते. परंतु रक्त पुष्कळ साचलेले असले, तीच जागा पुन्हा पुन्हा दुखावली गेली, किंवा तेथील ऊती चिरडून मृत झालेल्या असल्या, तर शरीर सारा ढीग उचलू शकत नाही. मग ते दुसरा मार्ग पत्करते. गाठीभोवती तंतुमय ऊतींचे कुंपण उभे राहते आणि आतील मृत भागावर चुन्याचे क्षार, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट, बसू लागतात. कठीण पाण्याच्या भांड्याला आतून जसा पांढरा थर धरतो तसाच हा प्रकार. जिवंत पेशी आपल्या आत कॅल्शियमचे प्रमाण अत्यल्प राखते. पेशी मेली की ही राखण संपते आणि क्षार आत शिरून साचतात.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. गाठीत चुना साचला असे डॉक्टरांनी सांगितले की रुग्ण दूध बंद करतो, पानाला चुना लावणे सोडतो, किंवा विहिरीच्या पाण्याला दोष देतो. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण अशा रुग्णांत सामान्यतः अगदी योग्य असते. दोष रक्तात नसून त्या जागेच्या मृत ऊतींत असतो. दूध सोडून गाठ विरघळत नाही, वाढत्या वयाच्या मुलाचे नुकसान मात्र होते.

याहून निराळा व अधिक त्रासदायक असा एक प्रकार स्नायूंत घडतो. तेथे केवळ क्षार साचून थांबत नाहीत, तर दुखावलेल्या स्नायूतील काही पेशी हाड घडवणाऱ्या पेशींचे काम करू लागतात आणि जेथे हाड असावयाचे नाही तेथे खरेखुरे हाड तयार होते. मांडीच्या पुढील बाजूचा मोठा स्नायू आणि कोपराच्या पुढील स्नायू ही याची नेहमीची ठिकाणे होत. मांडीतील गाठीमुळे गुडघा पुरता वाकत नाही. कोपराजवळ हाड वाढले तर हात अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकतो, घास तोंडापर्यंत पोचत नाही.

चोळण्याचा अनर्थ

कोपराच्या या विकाराचे प्रमुख कारण भारतातील अस्थिशल्यतज्ज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवत आले आहेत. ते म्हणजे दुखावलेला सांधा जोराने चोळणे व ताणणे. मूल पडते, कोपर सुजते, आणि घरचे लोक त्याला हाडवैद्याकडे किंवा मालिश करणाऱ्या पहिलवानाकडे नेतात. तो गरम तेलाने चोळतो, हात धरून सरळ करतो, पुन्हा वाकवतो. मूल किंचाळते. “आखडलेली शीर मोकळी होते आहे” असे सांगून त्याला धरून ठेवले जाते. प्रत्यक्षात त्या चोळण्याने नुकत्याच बंद झालेल्या रक्तवाहिन्या पुन्हा फुटतात, रक्ताची गाठ मोठी होते, हाडावरील आवरण सोलले जाते व स्नायूचे तंतू आणखी तुटतात. हाड बनण्यास याहून अनुकूल परिस्थिती नसते. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसते, म्हणून पुन्हा चोळले जाते. दीड-दोन महिन्यांनी कोपर हलेनासे झाले म्हणजे ते मूल रुग्णालयात आणले जाते आणि तेव्हा क्ष-किरण चित्रात सांध्यापुढे ढगासारखी सावली दिसते.

हाडवैद्यांना सरसकट दोष देण्याचा येथे हेतू नाही. जवळ रुग्णालय नसलेल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या लोकांना त्यांचाच आधार होता, आणि त्यांपैकी कित्येकजण कोणताही मोबदला न घेता सेवा करीत. परंतु कातडीखाली काय तुटले आहे हे हाताने चाचपून निश्चित सांगता येत नाही. कोपराच्या वरच्या बाजूचे हाड मोडणे ही लहान मुलांतील नेहमीची दुखापत आहे व ती बाहेरून केवळ सुजेसारखी दिसते. अशा हातावर बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधल्या तर आणखी एक संकट ओढवते. सुजेला बाहेर पसरण्यास जागा न मिळाल्यामुळे आतील दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळेनासे होते, आणि सुमारे सहा तासांत स्नायू व मज्जातंतू कायमचे निकामी होऊ लागतात. बोटे हलवल्यास असह्य कळ येणे, बोटांना मुंग्या येणे किंवा ती बधिर होणे, ती पांढरी अथवा गार पडणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच बांधलेले सर्व काही तत्काळ सोडावे आणि रात्र असली तरी रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहू नये.

मग घरी काय करावे? दुखावलेला भाग हलवू नये, त्यास विश्रांती द्यावी. पहिले ४८ तास थंड शेक द्यावा. बर्फ असल्यास तो फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा व दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवावा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नये. बर्फ नसेल तेथे माठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने काम भागते. हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. हलका, न आवळणारा पट्टा बांधण्यास हरकत नाही. मांडीवर मार असेल तर गुडघा वाकवून ठेवल्यास रक्त कमी साचते व पुढे पाय आखडत नाही. गरम विटेचा शेक, कढत तेल, दारूचे चोळणे या गोष्टी पहिल्या काही दिवसांत पूर्ण टाळाव्यात. ऍस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी मनाने घेऊ नये. आंबेहळद व तुरटीच्या लेपाविषयी अनेकजण विचारतात. कातडी शाबूत असताना गार लेप हलक्या हाताने लावल्यास त्यापासून अपाय होण्याचे कारण नाही. अपाय होतो तो लेप कढत लावल्याने, आणि तो सुकल्यावर खरवडून पुन्हा चोळल्याने.

वेदना ओसरल्यावर रुग्णाने स्वतः, दुखणार नाही इतपत, सांधा हलवावा. दुसऱ्याने धरून ताणू नये. स्वतःहून हलवणे आणि दुसऱ्याकडून ताणून घेणे यांतील भेद लहान वाटतो, परंतु उपचाराची सारी मदार त्यावर आहे.

पहिलवानाचा कान

तालमीतील मल्लांचे कान पुष्कळदा जाड, चुरमडलेले व आकसलेले दिसतात. हा कान म्हणजे न विरघळलेल्या रक्ताच्या गाठीचेच एक उघडे उदाहरण होय. कानाची पाळी सोडली तर उरलेला कान कूर्चेचा बनलेला असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला लागणारे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून मिळते. झोंबीत कान घासला वा चिरडला की आवरण व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचते, पोषण तुटते, कूर्चा मरते आणि तिच्या जागी ओबडधोबड नवी ऊती भरते. कालांतराने तीत क्षारही साचतात व कान हातास लाकडासारखा लागतो. हा प्रकार आजचा नव्हे. रोम येथे १८८५ साली उत्खननात सापडलेल्या, दमून बसलेल्या मुष्टियोद्ध्याच्या प्राचीन कांस्यपुतळ्याचे कान शिल्पकाराने असेच सुजलेले दाखविले आहेत.

मल्लविद्येत असा कान भूषण मानला जातो आणि ज्याने तो कमावला त्यास त्याचा अभिमान असतो. त्या अभिमानाविषयी कोणास काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्याला तो नको आहे त्याने एवढे जाणावे की उपाय सोपा आहे व त्याची वेळ फार थोडी आहे. कान सुजल्यापासून शक्यतो दोन दिवसांत, आणि फार तर आठवड्याच्या आत, डॉक्टरांकडून रक्त काढून घेऊन वर नीट दाबपट्टी बसवून घ्यावी लागते. पट्टी बसवली नाही तर रक्त पुन्हा भरते. ते भरू नये म्हणून पुढे काही दिवस झोंबीही बंद ठेवावी लागते. आखाड्यातच कोणाकडून तरी सुई टोचून रक्त काढण्याचा प्रकार धोक्याचा आहे. जंतू शिरून कूर्चा सडली तर कानाचा आकारच जातो, आणि एकच सुई अनेकांना वापरल्यास त्यातून पसरणारे रोग निराळेच.

सोसण्याचे कौतुक आपल्याकडे फार आहे. होळकर संघाचे कर्णधार सी. के. नायडू यांना १९५१-५२ च्या रणजी अंतिम सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर लागून दात तुटले, तरी त्यांनी उपचार नाकारून फलंदाजी चालू ठेवली, ही कथा इंदुरात अजूनही सांगितली जाते. कथा म्हणून ती उत्तम आहे. शाळेच्या मैदानावर मात्र कोणत्याही शिक्षकाने तिचा दाखला देऊ नये.

डोक्यास लागलेला मार

कारण डोक्याच्या बाबतीत सोसणे जिवावर बेतते. कवटी ही बंद पेटी आहे. मांडीत पावशेर रक्त साचले तर मांडी फुगते. कवटीत त्याच्या काही अंश रक्त साचले तरी मेंदू दाबला जातो. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्यास लागला. कवटीचे हाड मोडून आत रक्त साकळले. शस्त्रक्रिया करून मेंदूवरील दाब कमी करण्यात आला. प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी, तसेच चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले व काही काळाने प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले. याउलट फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाका येथे रमण लांबा यांना फलंदाजाजवळ, शिरस्त्राण न घालता, क्षेत्ररक्षण करताना चेंडू लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. नंतर त्यांची शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. डोक्यास मार लागलेला माणूस चालतो-बोलतो आहे एवढ्यावरून तो सुखरूप आहे असे मानता येत नाही, हे या एका घटनेवरून पुरेसे स्पष्ट व्हावे. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, एका अंगाची दुर्बलता, किंवा नाकाकानांतून रक्त वा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक महाराष्ट्रात व मध्य प्रदेशातही चालतो.

वृद्धांमध्ये हेच संकट हळूहळू येते. वयोमानाने मेंदू किंचित आकसलेला असतो, त्यामुळे न्हाणीघरात घसरून किंवा चौकटीवर डोके आपटून झालेल्या किरकोळ माराने मेंदूवरील आवरणाखालची एखादी बारीक शीर तुटते आणि रक्त आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. तीन-चार आठवड्यांनी आजोबा विसरू लागतात, चालताना झोकांड्या जातात, बोलता बोलता झोपी जातात. घरचे लोक त्यास म्हातारपण म्हणतात, कोणी त्यास म्हातारचळ म्हणतो. तो मार तर सर्वजण विसरून गेलेले असतात! सी. टी. स्कॅनमध्ये हे रक्त दिसते, कवटीस लहान छिद्रे पाडून ते काढता येते, आणि पुष्कळ वृद्ध त्यानंतर पूर्ववत घरात वावरू लागतात. परंतु हे रक्त वर्षानुवर्षे तसेच राहिले तर क्वचित त्याभोवती क्षारांचे कवच तयार होते. मेंदूला जणू चिलखत चढते. मग छिद्रे पाडून भागत नाही. कवच मेंदूस चिकटलेले असल्याने ते सोडवणे जोखमीचे होते, आणि काही रुग्णांत शस्त्रक्रिया न करता त्यांस केवळ देखरेखीखाली ठेवणेच डॉक्टर पसंत करतात. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्या हृदयरुग्णांनी डोक्यास लागलेला कोणताही मार क्षुल्लक समजू नये.

नवजात बालकाचे डोके

प्रसूती कष्टाची झाली, किंवा चिमटा अथवा निर्वात उपकरण लावावे लागले, तर काही बालकांच्या डोक्याच्या एका बाजूस मऊ फुगवटा येतो. कवटीचे हाड व त्यावरील आवरण यांच्यामध्ये साचलेले हे रक्त असते. जन्मतः तो दिसत नाही, काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी दिसू लागतो, आणि ज्या हाडावर तो असतो त्याची सीमा ओलांडत नाही. बहुतेक बालकांत तो दोन आठवडे ते तीन महिने एवढ्या अवधीत आपोआप जिरतो.

आपल्या घरांतून बाळाची टाळू भरण्याची व न्हाऊ घालताना डोके दाबून गोल करण्याची चाल आहे. फुगवटा असलेल्या बाजूस हे दाबणे व चोळणे कटाक्षाने टाळले पाहिजे. सुईने रक्त काढण्याचा आग्रहही धरू नये, कारण त्यातून जंतुसंसर्ग होतो. फुगवटा जिरताना कडेने कठीण वरवंट व मध्ये खोलगट असा स्पर्श लागतो आणि हाड खचले की काय अशी आईस भीती वाटते. कडेला क्षार साचू लागल्याची ती खूण असते. पुष्कळ मुलांत वाढत्या कवटीबरोबर तोही उंचवटा सपाट होतो. थोड्या मुलांत तो कायम राहून डोक्याचा आकार बिघडवतो व शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून एक-दीड महिन्यानंतरही फुगवटा तसाच असेल, किंवा तो कठीण होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. त्याआधीही दोन गोष्टींवर लक्ष हवे. साचलेल्या रक्ताच्या विघटनामुळे अशा बाळांना कावीळ अधिक होते, तेव्हा डोळे, तळवे पिवळे दिसताच रुग्णालय गाठावे. फुगवटा लाल, गरम झाला वा बाळास ताप आला तरीही तेच करावे. आशा कार्यकर्ती रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. प्रत्येक भेटीत बाळाचे टोपडे काढून डोके पाहिले तर वेगळी मोहीम काढावी लागणार नाही.

मुलगा रांगू लागल्यावर किरकोळ आपटण्याने मोठमोठ्या गाठी येत असतील, सांधे सुजत असतील, किंवा सुई टोचलेल्या जागी गाठ येत असेल, तर रक्त न गोठण्याचा जन्मजात विकार, म्हणजे हिमोफिलिया, आहे काय याची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश आहे.

कोणती गाठ दाखवावी

खरे म्हणजे प्रत्येक टिकून राहिलेली गाठ दाखवावी. मात्र त्यामागचे सर्वांत मोठे कारण साकळलेले रक्त हे नव्हे. स्नायूंत किंवा हाडांत होणारा कर्करोगही कठीण गाठीच्या रूपानेच येतो, त्यातही क्षार साचलेले दिसतात, आणि तोही पुष्कळदा माराच्या निमित्तानेच लक्षात येतो. गाठ आधीपासून असते, मार लागल्यावर हात तेथे जातो आणि “मार लागला म्हणून गाठ आली” अशी समजूत होऊन मोलाचे महिने वाया जातात. याचा सोपा विवेक असा की, रक्ताची गाठ दिवसेंदिवस लहान होत जाते, निदान वाढत तरी नाही. दोन-तीन आठवड्यांनंतरही जी गाठ वाढत आहे, जी मोठ्या लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी आहे, जी खोल स्नायूंत आहे, जी रात्री ठणकते, किंवा जिच्या आधी मार लागल्याचे स्पष्ट स्मरणच नाही, ती रक्ताची गाठ आहे असे तपासणीवाचून गृहीत धरू नये.

क्ष-किरण चित्रात पहिले दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही, म्हणून एकदा चित्र काढून “काही नाही” असा निर्वाळा मिळाला तरी तो शेवटचा समजू नये. पुढे क्षार दिसू लागतात तेव्हा त्यांची मांडणी तज्ज्ञास बरेच काही सांगून जाते. माराने स्नायूंत झालेल्या हाडात बाहेरची कड पक्की व मध्यभाग मोकळा असतो, हाडाच्या कर्करोगात सामान्यतः याच्या उलट दिसते. शंका उरल्यास तुकडा काढून तपासावा लागतो. हा तुकडा घाईने, कोठेही काढून घेऊ नये. नवे हाड बनण्याच्या पहिल्या आठवड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी गाठही कर्करोगासारखी भासते, आणि कर्करोग असल्यास चुकीच्या जागी घातलेला छेद पुढील शस्त्रक्रिया अवघड करून ठेवतो.

गाठ निरुपद्रवी ठरली तरी ती लगेच कापून काढा असा आग्रह रुग्ण धरतात. तो योग्य नाही. स्नायूंतील नवे हाड पक्व होण्यास सहा महिने ते एक वर्ष लागते. त्यापूर्वी काढल्यास ते पुन्हा येते, कधी पूर्वीपेक्षा मोठे. पुष्कळ गाठी तोवर आपोआप आकसतात व हालचाल पूर्ववत होते. सांधा अडलेला असेल, मज्जातंतू दाबला जात असेल, किंवा दुखणे थांबत नसेल, तरच शस्त्रक्रिया करावी लागते.

शस्त्रक्रियेचे नाव ऐकून रुग्णालयातून निघून जाणारे लोक अजूनही आहेत. २०१४ साली नागपूरच्या एका रुग्णालयात मध्य प्रदेशातील साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या पोटातून क्षारांनी वेढलेला गर्भाचा सांगाडा काढण्यात आला. छत्तीस वर्षांपूर्वी गर्भ गर्भाशयाबाहेर वाढला होता, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती, आणि ती भीतीने गावी परतली होती. काही महिन्यांनी दुखणे थांबले, म्हणून गोष्ट तेथेच संपली असे सर्वांना वाटले. ही रक्ताची गाठ नव्हती, परंतु शरीराने वापरलेली युक्ती तीच होती. जे बाहेर टाकता आले नाही त्याभोवती चुन्याची भिंत बांधली. ती स्त्री वाचली. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेत अशी भिंत बांधण्याइतका अवधी शरीरास फार विरळा मिळतो, एरवी आतल्या रक्तस्रावाने मृत्यूच ओढवतो.

खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्यांनी आयुष्मान भारत योजनेखाली, व महाराष्ट्रातील रहिवाशांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखालीही, आपल्या आजारावरील उपचार मिळतो काय याची चौकशी संबंधित रुग्णालयातील मदत कक्षात करावी. शाळकरी मुलांच्या बाबतीत २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा शिक्षकांनी अशा मुलास पुढे करावे. रुग्णालयात जाताना मार कोणत्या दिवशी व कसा लागला, कोणी चोळले, काय लावले, हे न लपवता सांगावे, कारण डॉक्टर तारखेवरून गाठीचे वय मोजतात. जुनी क्ष-किरण चित्रे मुलांच्या हाती खेळण्यास देऊ नयेत. ती कागदी पाकिटात, सपाट ठेवून, प्रत्येक वेळी बरोबर न्यावीत. दोन चित्रांची तुलना केल्यावरच गाठ थांबली आहे की वाढते आहे ते कळते.